खाली बसणारी गाडी

सारळ, ९ सप्टेंबर २०२४

तेजस्वी,

माझ्या अंगणात येऊन माझ्या गाडीला हात लावायची परवानगी तुला कोणी दिली? मी कामासाठी पनवेलला गेलो होतो. परत आलो तर हेमाली सांगते, तेजू आलेली, हत्यारांची पेटी घेऊन गाडीखाली शिरली आणि संध्याकाळच्या लाँचने करंज्याला परत गेली. बायको माझी, गाडी माझी, आणि मला विचारायचं कोणाला सुचलं न्हाय.

तुझा नंबर मी ब्लॉक केलाय आणि तो तसाच राहील. म्हणून हा कागद. लाँचवर तिकिटं फाडणारा बुधाजी तुझ्या गॅरेजवरूनच घरी जातो, त्याच्याजवळ देतोय.

आपले बाप सख्खे भाऊ. तुझी आई गेल्यावर तू आमच्याच घरात वाढलीस, माझ्या आईच्या हातचं खाऊन. मी हे विसरलो न्हाय. तू विसरलीस. गाडी घेतली त्या दिवशी दारात पूजा मांडली होती, मांडव्याचे चार ड्रायव्हर जमले होते, आणि तू घरच्या ग्रुपवर सगळ्यांच्या समोर लिहिलंस की ही पाण्यात बुडालेली गाडी आहे, दादाला कोणीतरी फसवलं. मामा हातातला पेढा तोंडात घालायचे थांबले. त्या दिवशी मी ग्रुप सोडला आणि तुलाही.

तू एवढी शिकलीस, मोठ्या कंपनीच्या शोरूममध्ये राहून आलीस, आता उरणला ‘एअर सस्पेन्शन’ची पाटी लावलीस. चांगलं हाय. पाटी तिकडेच ठेव. माझ्या गाडीच्या भानगडीत परत पडू नको.

रितेश

*

करंजा, १२ सप्टेंबर

रितेशदादा,

‘दादा’ लिहिते आहे ते सवयीने. त्यात आदर शोधू नकोस.

परवानगी काकीने दिली. तिचा फोन आला, ‘गाडी मागून बसलीय म्हशीसारखी, उठत न्हाय. रितेश म्हणतो विकून टाकतो.’ मी आले ते तिच्यासाठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती फक्त ह्याच एका गाडीत चढू शकते, हे तुला माहीत आहे. ती विकली गेली तर काकी ओटीवरून हलायची नाही.

गाडी वापरतोस तर ती काय आहे हे एकदा वाच. तुझ्या गाडीला लोखंडी स्प्रिंग नाहीत. चार चाकांवर चार रबरी पिशव्या आहेत आणि त्यांत हवा. एक कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो. प्रत्येक चाकापाशी लहानशा दांडीला जोडलेला सेन्सर असतो. गाडी त्या कोपऱ्यात किती उंच उभी आहे हे तो काँप्युटरला सारखं सांगत राहतो. काँप्युटर व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो. कुठे हवा सोडतो, कुठून काढतो. खाचरातून जायचं तर गाडी वर उचलते, डांबरी रस्त्यावर खाली येते, माणूस चढणार असेल तर आणखी खाली बसते.

मागच्या डाव्या पिशवीच्या घडीत वाळू बसून रबर चिरलं होतं. बंगलेवाल्यांना हौसेने किनाऱ्यावरून फिरवतोस त्याचा हा प्रसाद. हवा गळते म्हणून कॉम्प्रेसर सारखा धावत होता. अजून महिनाभर चालवली असतीस तर तो जळला असता. पिशवी बदलली. व्हॉल्व्हच्या ठोकळ्यातल्या रबरी रिंगा बदलल्या. हवेतली ओल शोषून घेणारे दाणे चिखल झाले होते, ते नवे भरले. मग साबणाचं पाणी मारून प्रत्येक सांधा बघितला. कुठेही बुडबुडा नाही.

वाळूतून किंवा खाऱ्या चिखलातून आलास की चारी चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने धू. आणि कमानीत हात घालण्याआधी, गाडीखाली शिरण्याआधी, मेन्यूत जाऊन जॅक मोड लाव. मग काँप्युटर व्हॉल्व्हना हात लावत नाही. ही गाडी बंद केली तरी पूर्ण झोपत नाही. इंजिन बंद असतानाही खाली बसू शकते. मी कितीतरी मिस्त्री पाहिलेत ज्यांना हे कळायला एक बोट द्यावं लागलं.

तेजस्वी

*

सारळ, २० सप्टेंबर

तेजस्वी,

तुझं व्याख्यान वाचलं. मी रोज मांडवा जेट्टीवरून माणसं उचलून आवास-सासवण्याच्या बंगल्यांवर सोडतो. गाडी कशी धुवायची हे मला करंज्याहून कळवायची गरज न्हाय.

एक गोष्ट तू लिहिली न्हाईस. आईला बटण शिकवलंस. दार उघडायचं, आत हात घालून बटण दाबायचं, गाडी खाली बसते, मग काठी टेकत एकटीने चढायचं. आजपर्यंत मी तिला उचलून बसवत होतो. काल पुढे झालो तर म्हणाली, ‘सर बाजूला, मना जमता.’ शेजारणी बघत होत्या. हसल्या. तुला आमच्या मायलेकांच्या मधे शिरायची खोड लहानपणापासूनचीच.

पोयनाडचा मिस्त्री म्हणतो, ही हवेची कटकट काढून टाक, लोखंडी स्प्रिंग बसवून देतो, जन्मभर बघायला नको. मी तेच करणार.

आणि गाडी बुडालेली न्हाय. तू तुझं मशीन लावलंस, गालिचा वर करून बघितलास, आणि हेमालीला म्हणालीस, ‘पाणी लागलेलं दिसत नाही.’ हे ग्रुपवर कधी लिहिणार? की लोकांना चांगलं सांगायला तुझा नेट चालत न्हाय?

रितेश

*

करंजा, २५ सप्टेंबर

रितेशदादा,

गाडी बुडालेली नव्हती. फोटोतला सीटखालचा गंज बघून मी बोलले. चुकले. त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, पण तू ग्रुपमध्ये नाहीस, त्याला मी काय करू?

स्प्रिंग खुशाल टाक. मग गाडी कायमची एकाच उंचीवर राहील. उंच ठेवलीस तर काकी चढणार नाही. खाली ठेवलीस तर खारातल्या बांधावर पोट घासेल आणि शेतापर्यंत पोचणार नाही. उधाणाचं पाणी बांध फोडून कुठे शिरतंय हे अख्ख्या सारळात तिच्याइतकं कोणाला दिसतं? भात तिचं आहे. खारजमीन तिने सासऱ्याच्या हाताखाली उभी केली. तिला ती घरात बसून बघायला लावशील?

काकीला उचलणं तुला आवडतं. उचललं जाणं तिला आवडत नाही. एकदा विचार तिला. पोत्यासारखी उचलतोस आणि वर सगळ्या आळीला दिसेल असं.

तेजस्वी

*

सारळ, १७ नोव्हेंबर

तेजस्वी,

अक्षर हेमालीचं आहे, शब्द माझे. माझा उजवा हात बांधलेला हाय. अनामिका आणि करंगळी डॉक्टरांनी काढली.

तू फोनवर होतीस, तरी काय झालं ते पहिल्यापासून ऐक. कापणी चालू होती. आईला घेऊन बांधावरून शेतावर गेलो. गाडी वर उचलून नेली, बांधाखाली आईला उतरवलं, परतीसाठी गाडी पुन्हा वर घेतली आणि इंजिन बंद केलं. आई भारे बघत फिरली, बायांवर दोनदा ओरडली. येताना चाकात दगड घासल्यासारखा आवाज येत होता, म्हणून ती येईपर्यंत मी पुढच्या चाकाच्या कमानीत हात घातला. आणि गाडी बसली. टायर आणि वरचा पत्रा, मधे माझा हात. मी ओरडलो ते पलीकडच्या खाचरात ऐकू गेलं.

शुभम, आमच्या शेताला लागून ज्याचं खाचर आहे तो, धावत आला. त्याने इंजिन चालू करून गाडी वर घ्यायचा प्रयत्न केला. उठली न्हाय. मग ट्रॅक्टरचा जॅक आणला आणि चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्मला लावून दोन दांडे मारले. चाक वर सरकलं आणि मला डोळ्यांपुढे पांढरं दिसलं. आईने तोवर तुला फोन लावला होता. तू स्पीकरवर ओरडलीस ते सगळ्यांनी ऐकलं, ‘चाक उचलू नका, हात आणखी चिरडेल. गाडीचं अंग उचला. जॅक चेसिसला लावा, खाली फळी टाका.’ शुभमने जॅक काढून तसं केलं. अंग वर आलं, चाक खाली राहिलं, हात सुटला.

याचे उपकार मानीन असं समजू नको. तुझा व्हॉल्व्ह गेला म्हणून तुला फोन करायची पाळी आली. बुडबुडा न्हाय म्हणून लिहिलं होतंस. मांडव्याच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकलंय, हाताच्या फोटोसकट, की तेजस्वीच्या गॅरेजला गाडी नेऊ नका. बंगल्याच्या मालकांनाही सांगतोय, एकेकाला.

रितेश

*

करंजा, २१ नोव्हेंबर

रितेशदादा,

तुझ्या हाताबद्दल काही ओळी लिहिल्या होत्या. फाडून टाकल्या. त्या तुला खोट्या वाटल्या असत्या.

इथून दोन गिऱ्हाइकं अर्धं काम टाकून गाड्या घेऊन गेली. एकाने माझ्या समोर दुसऱ्याला तो फोटो दाखवला. मी नाकारत नाही. माझ्या हातून रिंग वाकडी बसली असेल तर ते मला बघायचं आहे, माझ्या डोळ्यांनी. त्या फोनपासून मी तेवढं एकच मनात धरून आहे. मी प्रत्येक स्क्रू पुन्हा पुन्हा आठवते.

दोन प्रश्न आहेत. गाडीचा एकच कोपरा बसला की चारी बाजूंनी सारखी बसली? भसकन बसली की हळूहळू? पिशवी फुटली तर एक कोपरा कोसळतो. एवढं मला सांग आणि मी येऊन बघेपर्यंत गाडीला कोणाला हात लावू देऊ नकोस.

तेजस्वी

*

सारळ, २४ नोव्हेंबर

तेजस्वी,

चारी बसली की एक बसली, ते बघायला मी मोकळा नव्हतो.

गाडी बघायची काही गरज न्हाय. झालं ते झालं. पुढच्या आठवड्यात पोयनाडला स्प्रिंग टाकायला देतोय, तुझं सगळं सामान भंगारात जाईल. सारळात पाय ठेवू नको. आई घरात तुझं नाव काढत न्हाय. गाडीतही बसत न्हाय. नुसती ओटीवर बसून असते.

रितेश

*

करंजा, ३० नोव्हेंबर

रितेश,

आता दादा नाही.

काल तू अलिबागला हाताची पट्टी बदलायला गेलास तेव्हा मी आले होते. हेमालीवर ओरडू नकोस. मी फाटक उघडूनच आत शिरले. काकी घरातच होती. दार लोटलं तिने, बाहेर आली नाही.

गाडी तपासली. साबण मारला. दुपारभर उन्हात वर उचलून उभी ठेवली आणि चारी कोपऱ्यांवर खडूने खुणा केल्या. एक केसभर खाली आली नाही. टाकीत हवा भरलेली, कॉम्प्रेसर ठीक, रिंगा जशा बसवल्या तशा. कुठलाही व्हॉल्व्ह गेलेला नाही.

मग शेतावर जाऊन शुभमला भेटले. त्याला विचारलं, गाडी कशी बसली होती? म्हणाला, ‘चारी बाजूंनी सारखी. पालखी टेकवतात ना, तशी.’ मग परत कशी आणली? ‘दादाला दुसऱ्या गाडीतून पाठवलं. नंतर दार लावलं, स्टार्ट केली, तर आपली आपण उठली.’ मी विचारलं, आधी तू वर घ्यायला बघितलंस तेव्हा दार उघडं होतं? म्हणाला, ‘व्हय. म्हातारी दाराला धरून उभी होती ना.’

दार उघडं असताना ही गाडी वर चढत नाही. चढणाऱ्याचा तोल जाऊ नये म्हणून ती तशीच बनवलेली आहे. खाली मात्र बसते. म्हणजे फुटलं काही नाही, गळलं काही नाही. कोणीतरी गाडीला बस म्हणून सांगितलं आणि ती बसली. तुझा हात चाकात होता. दाराशी एकच माणूस होतं.

तुला हे त्याच वेळी कळलं होतं. म्हणून मला गाडी दाखवायची नव्हती. म्हणून एवढ्या घाईने सगळं सामान भंगारात घालायला निघालास. स्वतःच्या तुटलेल्या बोटांचा फोटो काढून त्याखाली माझं नाव लिहिलंस.

माझ्या गॅरेजला दुसरा कोणी मालक नाही, पाठीशी कोणी नाही. पाटीवर माझं नाव आहे, तेवढीच माझी पुंजी. ती तू उचललीस, मला न विचारता. आता सांग, मी काकीसमोर बसून खरं का सांगू नये?

तेजस्वी

*

सारळ, ५ डिसेंबर

तेजस्वी,

डाव्या हाताने लिहितोय, वाचताना त्रास होईल. हे हेमालीला सांगून लिहून घेता येत न्हाय. तिलाही माहीत न्हाय.

व्हय. मला कळलं होतं. हात अडकला तेव्हा मी मान वळवली, तर उघड्या दाराच्या पलीकडे आईचा चेहरा. एक हात आत, बटणावर. ‘रितेश, चल, ऊन झाला,’ असं म्हणत होती. मी चाकापाशी वाकलेला, तिला दिसलो न्हाय. मी ओरडल्यावर ती काठी टाकून माझ्याकडे आली. तशी आली कशी देव जाणे.

दवाखान्यात नेताना ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, ‘मी बटण दाबला म्हणून तं न्हाय ना झाला?’ मी म्हटलं, ‘न्हाय आये, तुझं बटण चाललंच न्हाय. तेजूने बसवलेला व्हॉल्व्ह गेला.’ दुसरं कोणाचं नाव तोंडात आलं न्हाय. ती लगेच तुला शिव्या द्यायला लागली. मला वाटलं, सुटलो. मग एक खोटं टिकवायला दुसरं सांगत गेलो. गावात सांगितलं, ग्रुपवर टाकलं, म्हणजे फिरून तिच्या कानावर तेच यावं.

तू तिला ओळखतेस. आपल्या हाताने पोराचा हात मोडला हे तिला कळलं तर ती शिव्या द्यायची न्हाय, रडायची न्हाय. खाटेवर पडेल आणि उठायची न्हाय.

तुझी माफी मागत न्हाय. बटण तू शिकवलंस. आधी हाक मार, गाडीला कोण चिकटलंय ते बघ, मग दाब, एवढं तरी सोबत शिकवायचं होतंस. शिकवलं न्हाईस. जॅक मोड लावला न्हाय ती चूक माझी. बाकी हिशेब तू मांड. पण तिला सांगू नको.

रितेश

*

करंजा, १६ डिसेंबर

रितेश,

तुझं पत्र वाचून मी उत्तर लिहिलं नाही, सरळ लाँच पकडली. तू जेट्टीवर असशील अशी वेळ बघून आले. तुझं तोंड बघायची इच्छा नव्हती.

बटणाचं म्हणालास. त्या दिवशी काकी पहिल्यांदा एकटी चढली आणि पोरीसारखी हसली. मीही हसले. पुढचं सांगायचं राहिलं. तेवढं माझ्याकडे. तू मागितलंस म्हणून नाही, ते आहेच म्हणून.

काकी ओटीवर तांदूळ पाखडत होती. मी पायरीवर बसले. तिने सूप थांबवलं नाही.

म्हणाली, ‘खरा सांग. गाडी कशान बसली?’

मी म्हटलं, ‘माझ्या व्हॉल्व्हने, काकी. आतली रिंग मी नीट बसवली नव्हती.’

‘मी बटण दाबलेला.’

‘त्याने काही होत नाही. हवा गेलेली होती, बटण मेलेलं होतं. तू दाबलं नसतंस तरी गाडी बसलीच असती.’

‘शपथ घे.’

मी तिच्या पायाला हात लावून शपथ घेतली. तिने पाय मागे घेतला. सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘माझे पोरांच्या आधी तुझे ताटात वाढला मी.’ मग म्हणाली, ‘नीघ.’ मी उठले. फाटकापर्यंत तिने परत सूप हातात घेतल्याचा आवाज आला नाही.

आता माझ्या अटी. विनंत्या नाहीत.

घरात दोष माझा. बाहेर तुझा. ज्या ग्रुपवर माझं नाव टाकलंस तिथेच लिही की गाडीत काही बिघाड नव्हता, जॅक मोड न लावता मी कमानीत हात घातला. ज्या ज्या मालकाच्या कानाशी लागलास त्या प्रत्येकाला हेच जाऊन सांग. काकी तुमच्या ग्रुपवर नाही आणि ड्रायव्हर तिच्या ओटीवर येत नाहीत. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवणं तुला जमेल, खोटं बोलणं तुला जमतं.

स्प्रिंग टाकायच्या नाहीत. काकीला सांग, तेजूचं सगळं काढून नवं बसवलं. गाडी खाली बसायला लागली की आता बझर वाजतो, तो मी गाडी तपासली त्याच दिवशी, शुभमला भेटून परत येऊन, जोडला. तो काढलास तर मी येऊन सगळं सांगेन, मग तिचं काय व्हायचं ते होऊ दे.

तेजस्वी

*

सारळ, १९ डिसेंबर

तेजस्वीस,

लिवनार हेमाली, सांगनार कृष्णाबाई.

तू कबूल झालीस ता बरा झाला. दुसऱ्या कोनी सांगितला असता तं मी मानला नसता. आता मानला.

तुझी आय गेली तवा तू एवढीशी होतीस. मी तुना कमी केला न्हाय. शाला शिकवली, मशनीचा शिकायचा म्हनालीस, लोक हसले, मी शिकवला. त्या मशनीन माझे पोराचा हात खाल्ला. तो आता घास पन डाव्या हातान खातो आनि मना बघाय लागता.

तुझा ताट, वाटी आनि पितलेचा गलास बुधाजीसंगती पाठवलाय. घरात ठेवनार न्हाय. सनाला येव नको. मी मेले तं मंग ये, लोक काय बोलतील म्हनून.

कृष्णाबाई

*

सारळ, २६ जानेवारी २०२५

तेजस्वी,

ताट पोचलं असं बुधाजी म्हणाला. आईने ते पाठवलं तेव्हा मी घरात होतो. अडवलं असतं तर का म्हणून सांगावं लागलं असतं.

ग्रुपवर लिहिलं. तुला कोणीतरी दाखवलं असेलच. बंगल्यांवर एकेकाला जाऊन सांगितलं. एक मालक सगळ्यांसमोर म्हणाला, म्हणजे त्या बाईची उगाच बदनामी केलीस. मी व्हय म्हणालो. मांडव्याच्या पोरांनी आठवडाभर मला ‘जॅक मोड’ म्हणून हाक मारली. तुला बरं वाटत असेल तर वाटू दे.

तुझा नंबर अजून बंदच हाय. माझा फोन आई हातात घेते, कोणाचा आला ते विचारते. कागदच बरा. कॉम्प्रेसर सुरू होताना घरघर करतो आणि टाकी भरायला वेळ लावतो. पुढच्या महिन्यात गाडी पेणवरून रस्त्याने तुझ्याकडे आणीन. आईला पोयनाडला नेली म्हणून सांगेन. तू गाडीचं बघ, मी बाहेर उभा राहीन. आपल्याला बोलायची काही गरज न्हाय.

हे पत्र मात्र त्यासाठी न्हाय. कापणीपासून आई गाडीत बसली नव्हती. मळणी झाली, भात घरात आलं, तरी शेतावर आली न्हाय. काल शुभम सांगून गेला की उधाणाला खालच्या बांधातून पाणी झिरपतंय. ती रात्रीची जेवली न्हाय नीट. आज सकाळी नेसून, काठी घेऊन अंगणात येऊन उभी राहिली.

मला म्हणाली, ‘या गाडीत तिचा एक पन पार्ट राहिला हाय?’

मी म्हटलं, ‘न्हाय. सगळे काढले.’

मी तिला उचलायला पुढे झालो. तिने काठी आडवी धरली. म्हणाली, ‘तिकडं उभा रव, भिंतीशी.’ मी भिंतीशी गेलो. तिने दार उघडलं, आत हात घातला आणि थांबली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘दोनी हात वर कर. मना दिसू दे.’

मी दोन्ही हात वर केले. हेमाली दारात उभी होती, तिला वाटलं आई मस्करी करते. आई माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. तिला काय माहीत हाय आणि काय न्हाय, ते मी विचारलं न्हाय, विचारणारही न्हाय. बराच वेळ मी तसाच उभा होतो, अंगणात, शाळेत शिक्षा केल्यासारखा.

मग तिने बटण दाबलं. बझर वाजला, गाडी हळूहळू खाली बसली, आणि आई चढली.

रितेश